मेंदू व मज्जातंतूंच्या शस्त्रक्रियेतील अब्जांश तंत्रज्ञान : दावे आणि पुरावे यांची चिकित्सा

गोषवारा :
अब्जांश तंत्रज्ञानामुळे मेंदू व मज्जासंस्थेच्या शस्त्रक्रियेत क्रांती होणार, असे विधान गेली काही दशके सातत्याने केले जात आहे. प्रस्तुत लेखात या विधानामागील प्रतिमेचा उगम शोधून गाठीची सीमा दाखविणे, गाठ तापविणे, औषध पोहोचविणे आणि तुटलेले तंतू जोडणे या चार उपयोगांचा पुरावा तपासला आहे. या तंत्रज्ञानाचे खरे योगदान शस्त्राच्या आधी व नंतर आहे. त्याचे वर्णन मात्र शस्त्र म्हणून केले जाते आणि या विसंगतीची किंमत रुग्णास मोजावी लागू शकते, असे प्रतिपादन येथे केले आहे.

१. प्रस्तावना

मेंदूच्या शस्त्रक्रियेत अंतराला जे महत्त्व आहे ते शरीराच्या इतर भागांत क्वचितच आढळते. आतड्यातील गाठ काढताना तिच्याभोवतीचा काही सेंटिमीटर निरोगी भाग खबरदारी म्हणून काढून टाकता येतो. मेंदूत तेवढ्याच अंतरात रुग्णाची वाचा किंवा उजव्या हाताची हालचाल सामावलेली असू शकते. त्यामुळे अधिकाधिक सूक्ष्म साधनांचा शोध ही या शाखेची स्वाभाविक गरज राहिली आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शस्त्रक्रियेच्या सूक्ष्मदर्शकाने ही गरज बऱ्याच अंशी भागविली आणि केसापेक्षाही बारीक धाग्याने रक्तवाहिन्या व मज्जातंतू शिवणे शक्य झाले.

एका मीटरचा अब्जावा भाग म्हणजे एक नॅनोमीटर. मानवी केसाची जाडी सुमारे ८० हजार ते १ लाख नॅनोमीटर भरते. साधारणतः १ ते १०० नॅनोमीटर या मापात पदार्थ घडविणे व वापरणे यास अब्जांश तंत्रज्ञान म्हटले जाते. जपानी शास्त्रज्ञ नोरिओ तानिगुची यांनी १९७४ मध्ये 'नॅनोटेक्नॉलॉजी' हा शब्द प्रथम वापरला. सूक्ष्मतेकडे निघालेली शस्त्रक्रिया आणि सूक्ष्मतेचेच हे शास्त्र यांची सांगड घातली जाणे क्रमप्राप्त होते. ती सांगड प्रत्यक्षात कोठवर जमली, याची तपासणी मात्र तिच्या प्रशंसेच्या मानाने कमी झालेली दिसते.

२. 'सूक्ष्म शल्यविशारद' : एका प्रतिमेचा प्रवास

भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी २९ डिसेंबर १९५९ रोजी कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे दिलेले व्याख्यान हे या विषयाचे आरंभस्थान मानले जाते. या व्याख्यानात त्यांनी अल्बर्ट हिब्ज या आपल्या मित्राची एक कल्पना सांगितली. रुग्णाने शल्यविशारदच गिळून टाकावा. त्या यंत्ररूपी शल्यविशारदाने रक्तवाहिनीतून हृदयापर्यंत जावे आणि बिघडलेली झडप दुरुस्त करावी, अशी ती कल्पना होती. १९६६ च्या 'फँटॅस्टिक व्हॉयेज' या चित्रपटाने ही सफर मेंदूत नेली. त्यात सूक्ष्म झालेली पाणबुडी एका शास्त्रज्ञाच्या मेंदूतील रक्ताची गुठळी काढण्यास निघते. १९८६ मध्ये एरिक ड्रेक्स्लर यांनी 'एंजिन्स ऑफ क्रिएशन' या ग्रंथात पेशींची दुरुस्ती करणाऱ्या यंत्रांचे चित्र रेखाटले. व्याख्यानातील विनोद, चित्रपटातील अद्भुत आणि ग्रंथातील भाकीत अशा तीन पायऱ्या चढून ही प्रतिमा विज्ञानविषयक लेखनात स्थिरावली.

ही प्रतिमा आकर्षक असली तरी तिच्यात एक गृहीतक दडलेले आहे. मेंदूच्या शस्त्रक्रियेची मुख्य अडचण म्हणजे शल्यविशारदाच्या हाताचा आकार, असे ती मानते. वैद्यकाचा इतिहास याला दुजोरा देत नाही. अमेरिकन शल्यविशारद वॉल्टर डँडी यांनी १९२८ मध्ये मेंदूच्या उजव्या भागातील ग्लायोमा या गाठींसाठी संपूर्ण उजवा गोलार्ध काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियांचे निवेदन प्रसिद्ध केले. अर्धा मेंदू काढूनही हा आजार कायमचा हटला नाही; तो पुन्हा उद्भवला. ग्लायोमाच्या पेशी गाठीच्या दृश्य कडेपलीकडे निरोगी ऊतीत एकेकट्या पसरलेल्या असतात, हे त्याचे कारण होय. अशा आजारात शस्त्र लहान केल्याने मूळ प्रश्न सुटत नाही. कोणती पेशी रोगट आणि कोणती निरोगी, हे ओळखण्याची अडचण तशीच राहते.

दुसरा आक्षेप भौतिकशास्त्राचा आहे. एडवर्ड पर्सेल यांनी १९७७ मध्ये एका प्रसिद्ध निबंधात दाखवून दिले, की जिवाणूच्या आकाराच्या वस्तूला पाण्यात पोहताना जडत्वाचा काहीही उपयोग होत नाही. बळ थांबताच ती जागच्या जागी थांबते. जिवाणू सुमारे एक हजार नॅनोमीटरचा असतो. त्याहूनही लहान कणाला भोवतालचे रेणू सतत ढकलत असतात. पाणबुडीप्रमाणे दिशा धरून जाणारा, हातात सुरी घेतलेला नॅनो-शल्यविशारद ही मोठ्या जगातील कल्पना लहान जगावर लादल्याने निर्माण झालेली प्रतिमा आहे.

३. चिकित्सेचे निकष

या क्षेत्रातील कोणत्याही दाव्याचे मूल्यमापन चार प्रश्नांच्या आधारे करता येते. पहिला प्रश्न असा, की प्रयोग कोणावर झाला : परीक्षानळीतील पेशींवर, उंदरावर की माणसावर? दुसरा, तुलना कोणाशी केली? तिसरा, काय मोजले : गाठीचे चित्र, रुग्णाचे आयुष्य, की त्या आयुष्याची प्रत? चौथा, काम झाल्यानंतर तो कण कोठे जातो? पुढील विवेचन या चार प्रश्नांना धरून केले आहे.

४. सीमा दाखविणारे कण

ओळख पटविण्याच्या अडचणीला थेट भिडणारा उपयोग म्हणजे प्रतिमाचित्रणातील लोहकण. फेरुमॉक्सिटॉल हे लोह-ऑक्साइडच्या अब्जांश कणांचे औषध अमेरिकेत २००९ मध्ये मंजूर झाले, ते मूत्रपिंडाच्या जुनाट विकारातील रक्तक्षयासाठी. एडवर्ड न्युवेल्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओरेगॉनमध्ये मेंदूतील गाठींच्या एमआरआय तपासणीसाठी त्याचा अभ्यास केला. नेहमीचे गॅडोलिनियमयुक्त द्रव्य काही मिनिटांत परिणाम दाखवून ओसरू लागते. लोहकण गाठीच्या परिसरातील पेशींत शिरून एक ते तीन दिवस दिसत राहतात. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी दिलेली मात्रा शस्त्रक्रियेच्या वेळीही उपयोगी पडू शकते, हा त्याचा मोठा गुण आहे. मात्र तीव्र ॲलर्जीच्या, क्वचित प्राणघातक ठरलेल्या प्रतिक्रियांमुळे २०१५ मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाने या औषधावर ठळक इशारा छापणे बंधनकारक केले.

याच कामासाठी वापरले जाणारे दुसरे द्रव्य म्हणजे पाच-अमिनोलेव्ह्युलिनिक आम्ल. रुग्णाला ते शस्त्रक्रियेपूर्वी पिण्यास देतात आणि निळ्या प्रकाशात गाठीच्या पेशी गुलाबी-लाल चमकतात. वॉल्टर श्टुमर व सहकाऱ्यांनी २००६ मध्ये जर्मनीतील यादृच्छिक चाचणीचे निष्कर्ष मांडले. या द्रव्याच्या साहाय्याने ६५ टक्के रुग्णांत दिसणारी गाठ पूर्ण काढता आली. साध्या प्रकाशात हे प्रमाण ३६ टक्के होते. सहा महिन्यांनंतर आजार न वाढलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे ४१ व २१ टक्के होते. एकूण आयुर्मानातील फरक मात्र या चाचणीत सिद्ध झाला नाही.

येथे लक्षात घेण्याजोगी बाब अशी, की हा अब्जांश कण नव्हे. शरीरात नैसर्गिकरीत्याही तयार होणारा तो एक साधा रेणू आहे. तरीही तुलना-गटासह मिळालेला भक्कम पुरावा त्याच्याच बाजूने आहे. नवेपणा आणि उपयुक्तता या दोन गोष्टी एकमेकींच्या सोबतच येतात असे नाही, हे या उदाहरणातून स्पष्ट होते.

५. गाठ तापविणारे कण

माणसावर झालेला सर्वांत ठळक प्रयोग जर्मनीतील आहे. बर्लिनमध्ये आंद्रेआस जॉर्डन व सहकाऱ्यांनी लोह-ऑक्साइडचे विलेपित कण विकसित केले. कवटीला छिद्र पाडून ते द्रवरूपात गाठीत सोडतात. नंतर दर सेकंदाला सुमारे एक लाख वेळा दिशा बदलणाऱ्या चुंबकीय क्षेत्रात रुग्णाला ठेवले असता कण तापतात आणि गाठीच्या पेशींना आतून उष्णता मिळते. २०१० मध्ये युरोपात या पद्धतीस मान्यता मिळाली.

क्लाउस मायर-हाउफ व सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ६६ रुग्ण होते. त्यांपैकी ५९ जणांना ग्लायोब्लास्टोमा पुन्हा उद्भवला होता. त्यांना किरणोपचारही देण्यात आले. पुनरुद्भवानंतरच्या आयुष्याचा मध्यक १३.४ महिने आला, म्हणजे निम्मे रुग्ण त्याहून अधिक काळ जगले. हा आकडा आशादायक वाटतो आणि अनेक आढावा-लेखांत तो तसाच उद्धृत होतो. दुसरा प्रश्न विचारताच त्याचे वजन बदलते. या अभ्यासात स्वतंत्र तुलना-गट नव्हता; पूर्वीच्या एका चाचणीतील ६.२ महिन्यांच्या मध्यकाशी तुलना करण्यात आली. कवटीला छिद्र पाडून कण सोडण्याइतपत प्रकृती टिकून असलेल्या रुग्णांची निवड हेच फरकाचे अंशतः कारण असू शकते. उष्णतेचा वाटा किती आणि सोबतच्या किरणोपचाराचा किती, हेही अशा रचनेतून वेगळे करता येत नाही.

आयुष्याच्या प्रतीविषयीची माहितीही बोलकी आहे. चुंबकीय क्षेत्रामुळे डोक्याजवळील धातूच्या वस्तू, दातांतील धातूच्या भरणासह, आधी काढून टाकाव्या लागतात. गाठीत राहिलेल्या लोहकणांमुळे पुढे त्या जागेचा एमआरआय अविश्वसनीय ठरतो. म्हणजे मेंदूच्या गाठीवर लक्ष ठेवण्याचे सर्वोत्तम साधन रुग्णाला गमवावे लागते. ही पद्धत बाजारात आणणाऱ्या कंपनीने २०२२ मध्ये नादारीसाठी अर्ज केला. व्यापारी अपयशावरून शास्त्रीय अपयश ठरत नाही. तथापि एक तपाहून अधिक काळ लोटूनही १३.४ महिने या एकाच आकड्याचा आधार घ्यावा लागतो, हे विचारात घ्यावेच लागते.

६. औषधवाहक कण

मेंदूतील केशवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना घट्ट चिकटलेल्या असतात. रक्तातील बहुतेक द्रव्यांना त्या मेंदूत शिरू देत नाहीत. या रक्त-मेंदू अडसरामुळे शरीराच्या इतर भागांत गुणकारी ठरणारी औषधे मेंदूत पोहोचत नाहीत. औषध कणात भरून हा अडसर ओलांडावा, ही योजना तर्कशुद्ध आहे. आकडे मात्र सावध करणारे आहेत. टोरांटो येथील वॉरेन चॅन यांच्या गटाने २०१६ मध्ये आधीच्या दशकातील प्राणिप्रयोगांचे संकलन केले. रक्तात सोडलेल्या कणांपैकी घन गाठीपर्यंत पोहोचणाऱ्या कणांचे प्रमाण मध्यकाने अवघे ०.७ टक्के आढळले. हजार कण निघावेत आणि सात पोहोचावेत, असा हा हिशेब आहे. उरलेल्या कणांपैकी बरेच यकृत व प्लीहेत अडकतात. मेंदूतील गाठींच्या बाबतीत रक्त-मेंदू अडसराची भर पडते.

या पार्श्वभूमीवर शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील काम उल्लेखनीय ठरते. सोन्याच्या सूक्ष्म गाभ्याभोवती आरएनएचे धागे बसवून तयार केलेले कण पुन्हा उद्भवलेल्या ग्लायोब्लास्टोमाच्या आठ रुग्णांना शस्त्रक्रियेपूर्वी शिरेतून देण्यात आले. नंतर काढलेल्या गाठीत सोने आढळले, असे प्रिया कुमठेकर व सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये नोंदविले. कण अडसर ओलांडून गाठीत शिरला, एवढेच या अभ्यासाने दाखविले आणि लेखकांचा हेतूही प्रामुख्याने सुरक्षितता व पोहोच तपासणे हाच होता. पोहोचणे आणि बरे करणे यांतील अंतर मूळ शोधनिबंध पाळतो. त्यावर आधारलेल्या लोकप्रिय वृत्तांतून बहुधा तेच गळून पडते.

तुलनेसाठी एक जुना उपाय पाहता येतो. कार्मुस्टिन हे औषध भरलेल्या, लहान नाण्याएवढ्या चकत्या गाठ काढलेल्या पोकळीत ठेवण्याची पद्धत अमेरिकेत १९९६ मध्ये मंजूर झाली. अडसर ओलांडण्याऐवजी तो वगळण्याची ही युक्ती होती. पुन्हा उद्भवलेल्या गाठींच्या यादृच्छिक चाचणीत मध्यक २३ आठवड्यांवरून ३१ आठवड्यांवर गेला. नव्याने निदान झालेल्या रुग्णांत तो ११.६ वरून १३.९ महिन्यांवर गेला. लाभ लहान आहे, परंतु तो तुलना-गटासमोर मोजलेला आहे. किरणोपचारास टेमोझोलोमाइडची जोड दिल्याने मध्यक १२.१ वरून १४.६ महिन्यांवर गेल्याचे रॉजर स्टुप यांच्या चाचणीने २००५ मध्ये दाखविले आणि तोच उपचार जगभर प्रमाण मानला गेला. या आजारात अडीच महिन्यांची कमाईही मोठी गणली जाते. नव्या दाव्यांचे माप हेच असावयास हवे.

७. तुटलेल्या तंतूंची जोडणी

मज्जातंतूंच्या शस्त्रक्रियेत समस्या वेगळी असते. हातापायांतील तुटलेला मज्जातंतू पुन्हा वाढतो, परंतु दिवसाला सुमारे एक मिलिमीटर या गतीने. दंडाच्या वरच्या भागात तुटलेल्या तंतूला पंजाच्या स्नायूंपर्यंत पन्नास सेंटिमीटर वाढावयाचे असेल, तर पाचशे दिवस लागतील. तोपर्यंत ते स्नायू निकामी होऊ लागलेले असतात. दोन टोकांत मोठे अंतर असल्यास पोटरीतील संवेदी मज्जातंतूचा तुकडा काढून मध्ये बसविणे हा आजही आदर्श मानला जाणारा उपाय आहे. अब्जांश तंतूंच्या नळ्या या तुकड्याची जागा घेऊ पाहतात. वाढणाऱ्या टोकाला दिशा देण्याच्या कामी त्यांची रचना उपयुक्त दिसते. तथापि रुग्णांत वापरल्या जाणाऱ्या नळ्या मुख्यतः लहान अंतरापुरत्याच विश्वसनीय ठरल्या आहेत.

मेंदू व मज्जारज्जूतील तंतू आपोआप वाढत नाहीत, म्हणून तेथील प्रयोगांना अधिक प्रसिद्धी मिळाली. रटलेज एलिस-बेन्के व सहकाऱ्यांनी २००६ मध्ये हॅमस्टरच्या दृष्टिमार्गात छेद घेऊन तेथे स्वतःहून जाळी विणणारे पेप्टाइड सोडले. छेद भरून येऊन प्राण्यांची दृष्टी काही प्रमाणात परतली. सॅम्युएल स्टुप यांच्या गटाने २०२१ मध्ये मज्जारज्जूला इजा झालेल्या उंदरांना अब्जांश तंतूंचे इंजेक्शन दिले आणि चार आठवड्यांत ते चालू लागल्याचे नोंदविले. हे दोन्ही प्रयोग मोलाचे आहेत. परंतु पहिल्यात ताजा, स्वच्छ छेद होता आणि दुसऱ्यात इजेनंतर एका दिवसात औषध दिले गेले. अपघातानंतर वर्षानुवर्षे चाकाच्या खुर्चीवर असलेल्या रुग्णाची स्थिती यांपैकी कोणत्याही प्रयोगात नव्हती. गमतीची गोष्ट अशी, की हॅमस्टरच्या प्रयोगातील पेप्टाइडच्या जातकुळीचा पदार्थ पुढे माणसात वापरात आला तो अन्ननलिका व आतड्यातील रक्तस्राव थांबविण्यासाठी. विज्ञान अनेकदा भाकितापेक्षा वेगळ्या दाराने रुग्णालयात प्रवेश करते.

८. भाषेची जबाबदारी

चौथ्या प्रश्नाचे, म्हणजे कणाच्या अंतिम मुक्कामाचे, उत्तर बहुतेक आढावा-लेखांत एखाद्या वाक्यात आटोपले जाते. वस्तुतः बार्बरा माहेर व सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये मेक्सिको सिटी व मँचेस्टर येथील मृतांच्या मेंदूंत प्रदूषणातून आलेले मॅग्नेटाइटचे अब्जांश कण आढळल्याचे दाखविले आहे. मेंदूत शिरलेला कण हा गुण की दोष, हे त्याच्या रसायनावर, मात्रेवर आणि मुक्कामाच्या काळावर अवलंबून असते. एका लेखात जे प्रवेशसामर्थ्य वरदान ठरते तेच दुसऱ्या लेखात धोका म्हणून येते, याची दखल दोन्हीकडील लेखकांनी घेणे आवश्यक आहे.

भारतात २००७ मध्ये एक हजार कोटी रुपयांच्या तरतुदीसह 'नॅनो मिशन' सुरू झाले. अब्जांश औषधांच्या मूल्यमापनाची मार्गदर्शक तत्त्वे त्यानंतर बारा वर्षांनी, २०१९ मध्ये आली. या मधल्या काळात 'नॅनो' हा शब्द मोटारीपासून खतापर्यंत पोहोचला आणि त्याला प्रगतीचा समानार्थी शब्द म्हणून मान्यता मिळाली. मेंदूत गाठ असल्याचे ज्या कुटुंबाला कळले आहे, ते हा शब्द तटस्थपणे ऐकू शकत नाही. 'क्रांती', 'चमत्कार', 'सूक्ष्म सैनिक' अशी शब्दयोजना वाचणारा त्या वेळी विज्ञानाचा विद्यार्थी नसतो. तो बहुधा शेत किंवा घर गहाण टाकावे काय, याचा विचार करीत असतो. अशा वाचकाला 'उपचार' आणि 'चाचणी' यांतील भेद सांगणे हे लेखकाचे कर्तव्य ठरते. भारतात चाचण्यांची सार्वजनिक नोंदवही २००७ पासून उपलब्ध आहे आणि २००९ पासून नोंदणी सक्तीची आहे. चाचणीत इजा झाल्यास भरपाईची तरतूद नियमांत आहे. मराठीतील विज्ञानलेखनात कणाचा आकार सांगितला जातो. त्याच परिच्छेदात ही माहितीही दिली गेल्यास त्या लेखनाची उपयुक्तता कितीतरी वाढेल.

९. समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल, की मेंदू व मज्जातंतूंच्या शस्त्रक्रियेत अब्जांश तंत्रज्ञानाने आतापर्यंत सुरीची जागा घेतलेली नाही आणि नजीकच्या काळात ती घेण्याची गरजही नाही. शस्त्र चालण्यापूर्वी सीमा दाखविणे आणि शस्त्र थांबल्यानंतर उरलेल्या पेशींपर्यंत औषध नेणे किंवा तुटलेल्या टोकांना आधार देणे, ही त्याची खरी कार्यक्षेत्रे आहेत. सीमादर्शनात ते रुग्णापर्यंत पोहोचले आहे. उष्णतोपचारात ते पोहोचले, पण पुरावा अपुरा राहिला. औषधवहनात ते उंबरठ्यावर आहे आणि तंतूंच्या जोडणीत मुख्यतः प्रयोगशाळेत आहे. चारही ठिकाणची स्थिती वेगळी असताना त्या सर्वांना एकाच 'क्रांती'च्या नावाखाली आणणे शास्त्रावर अन्याय करणारे आहे, कारण त्यामुळे खरोखर साधलेले यशही अतिशयोक्तीच्या गर्दीत ओळखू येईनासे होते.

हिब्ज यांचा शल्यविशारद गिळण्याजोगा होता. त्या कल्पनेने दोन पिढ्यांतील संशोधकांना प्रेरणा दिली, हे तिचे श्रेय मान्य करावयास हवे. यापुढील लेखनाने मात्र कण किती लहान झाला यासोबतच रुग्णाचे आयुष्य किती आठवड्यांनी वाढले आणि ते आठवडे त्याने कोणत्या अवस्थेत काढले, याची नोंद ठेवणे अगत्याचे आहे.